उलट वकिली

पश्या, निकाल मला अजून माहीत नाही.

ड्राफ्ट होऊन गेला, टीमांनी कॉलेजातली नवी पोरं निवडून घेतली. अमेरिकेत स्टेज सजलं असेल, आपल्या टीमचा नंबर लागला असेल, कुठल्यातरी पोरानं टोपी घालून आईला मिठी मारली असेल. कोणत्या पोरानं, ते मी बघितलेलं नाही आणि कुणाला विचारलेलंही नाही. फोनवरची खेळाची सगळी अ‍ॅप्स काढून टाकली. ऑफिसात आमच्या मजल्यावर हा खेळ बघणारा एकच गोरा आहे, डॅरन. त्याला सांगून ठेवलंय, एक शब्द जरी बोललास तर तुझ्या लॅपटॉपवर चहा सांडेन. तो बिचारा आता मला बघून लिफ्ट सोडतो आणि जिन्यानं जातो.

तसं या देशात ही बातमी टाळायला काही कष्ट पडत नाहीत. इथे फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा. आपला तो हेल्मेटवाला, हातानं फेकायचा फुटबॉल कुणाच्या खिजगणतीत नाही. मी ठरवलं तर वर्षभर अडाणी राहू शकतो. तेच मला खातंय. बसवत नाही. इल्फर्डच्या हाय रोडवर उगाच फेऱ्या मारतो, दुकानात शिरतो, काही न घेता बाहेर येतो. निकाल बघितला की आपलं भांडण संपलं. नाही बघितला तर तू अजून समोर बसून बोलतोयस.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा असं मला सांगण्यात आलंय. सोबत नमुनाही पाठवला आहे: जन्मगाव, शिक्षण, नोकरी, स्वभाव. मी कळवलं की यातलं काही लिहिणार नाही. नोकरीचं ठीक आहे. एअरपोर्टच्या कार्गोत होतास, आणि एप्रिलमधल्या एका दुपारी तिथल्याच खुर्चीत बसलास तो उठला नाहीस, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शिक्षणाच्या रकान्यावर आपली जुंपेल. आणि या वेळी मला एकट्याला दोघांचं भांडावं लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एकदा सांगून टाकतो. तू नागपूरचा, मी इचलकरंजीचा. माझे वडील मागावर, आई घरात कांड्या भरायची. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो, आणि तुला त्याचीच मजा वाटायची. नॉटिंगहॅमला मास्टर्सला आलो तेव्हा तू माझ्या शेजारच्या खोलीत होतास. पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या मैदानावर फुकट पिझ्झा वाटत होते म्हणून गेलो आणि पिझ्झाच्या बदल्यात त्यांनी आपली नावं अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये घातली. तुझा देह बघून कोचच्या डोळ्यांत पाणी आलं. तुला लाइनमध्ये टाकलं. लाइन म्हणजे पुढे उभे राहणारे ते पाच आडदांड, ज्यांचं काम एवढंच की मागं उभा असलेला क्वार्टरबॅक आडवा होऊ नये. आणि मला त्यांनी क्वार्टरबॅक केलं. म्हणजे बॉल फेकणारा, सगळ्या खेळाचा मेंदू. तिसऱ्या नंबरचा मेंदू. पहिले दोघं आजारी पडले तरच माझी पाळी.

ती एकदाच आली. चिखल, बारीक पाऊस, समोर डर्बीकडची राक्षसांसारखी पोरं. तू लाइनमधून मान वळवून म्हणालास, "तू नुसता उभा राह्य बे. बाकी आम्ही पाहून राहिलो."

तुम्ही खरंच पाहिलंत. मला कुणी बोट लावलं नाही. मी निवांत उभं राहून, निशाणा साधून, चेंडू थेट समोरच्या टीमच्या पोराच्या हातात दिला. तू चिखलात उताणा पडून हसत होतास, आणि कोच तुझ्यावर ओरडत होता, माझ्यावर नाही. त्याच कोचनं आपल्याला त्याच्या अमेरिकेतल्या गावची टीम चिकटवली. म्हणाला, सतत हरणाऱ्या टीमचे फॅन व्हा, ड्राफ्टला मजा येते. कारण ज्याचा हंगाम सगळ्यात वाईट, त्याला कॉलेजातल्या पोरांमधून आधी निवडायला मिळतं. आपली टीम तेवढं एक काम इमानानं करत आली.

तेव्हापासून आपलं भांडण एकच. मी म्हणायचो, क्वार्टरबॅक घ्या, पुढचा नंबर मिळवायला काय द्यावं लागेल ते द्या. तू म्हणायचास, आपला नंबर दुसऱ्याला देऊन टाका, मागे सरका, बदल्यात दोन-तीन नंबर घ्या आणि लाइन भरा. दर वर्षी पोरं नवी, भांडण तेच.

ड्राफ्ट होतो तेव्हा इथे आपण झोपलेले असतो. म्हणून शुक्रवारी सकाळी रजा टाकून हाउन्सलोला तुझ्या घरी रेकॉर्डिंग बघायचं. इल्फर्ड लंडनच्या एका कानात, हाउन्सलो दुसऱ्या कानात. दोन ट्रेन बदलून मी यायचो, डोळे जमिनीकडे लावून, की कुणाच्या हातातला पेपर दिसू नये. एका वर्षी टेबलावर तुझा फोन वाजला आणि न्यू जर्सीच्या तुझ्या मावसभावानं सगळं फोडलं. पुढच्या वर्षीपासून दोघांचे फोन प्रेशर कुकरमध्ये. झाकण लावून, वर शिट्टीसुद्धा. मृणालवहिनींनी एकदा तो कुकर गॅसवर ठेवलाच होता. डाळ घालायला झाकण उघडलं म्हणून वाचले.

मग तू पोहे करायचास, वर तुमची ती लालभडक तर्री. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी म्हणालो, यात पोहे कुठे आहेत? तू म्हणालास, "खाली आहेत, पोहून राहिले." टीव्हीवर त्या पोरांची उंची, वजन, हाताचा पंजा केवढा, घरी कोण कोण असतं, हे सगळं सांगायला लागले की वहिनी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अगदी आमच्या वेळेसारखंच. फक्त मला चालून दाखवायला सांगितलं होतं, पळून नाही."

तू म्हणायचास, "म्हणून तर पोहे केले."

आणि उलट वकिली. ती वहिनींचीच. त्या प्राथमिक शाळेत शिकवायला मदत करतात. एकदा आपला आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावरच्या आजींनी छताला झाडू ठोकला. तेव्हा वहिनींनी रिमोट काढून घेतला. म्हणाल्या, "आमच्या वर्गात पाच वर्षांच्या मुलांना करायला लावते ते करा. आधी एकमेकांची बाजू मांडा. नीट मांडलीत तरच टीव्ही लावीन." तेव्हापासून पोहे होईपर्यंत तू माझी वकिली करायची आणि मी तुझी. चेष्टा केलेली चालायची, खोटं बोललेलं नाही. ज्याचं म्हणणं पडायचं त्यानं ती तर्रीची कढई घासायची. आणि जिंकलेल्यानं एकदाच म्हणायचं, "सांगितलं होतं ना बे." हे वाक्य तुझं. मी जिंकलो तरी मला ते तुझ्यासारखं म्हणता यायचं नाही.

तू माझी बाजू काय झोकात मांडायचास. हातात झारा घेऊन. "न्यायाधीश बाई, माझा अशील घरातला पहिला ग्रॅज्युएट आहे. टीव्हीवर कोण्या पोराची माय रडताना दिसली, आणि पोरगं म्हणालं की मी आमच्या घरातला पहिला कॉलेजात गेलेला, की माझा अशील पाघळते. मग त्या पोराला बॉल फेकता येते का नाही, हा मुद्दा गौण आहे, बाई!"

वहिनी म्हणायच्या, "हे चेष्टेत मोजलंय. आता खरं बोल."

मग तू खरं बोलायचास. ते मला माझ्यापेक्षा बरं जमलेलं असायचं. याचा मला राग यायचा.

यंदा दोन पोरं होती. आपण त्यांना आपली नावं ठेवलेली. गुरुजी म्हणजे माझा. पाच वर्षं एकाच कॉलेजात राहिलेला, डिग्री पूर्ण केलेला, घरातला पहिला. हात जरा कमी, पण डोकं शांत. बंड्या म्हणजे ज्याच्यावर सगळी दुनिया फिदा होती तो. हात तोफेसारखा, पण कॉलेज मध्येच सोडून आलेला. आणि तुला नेहमीप्रमाणे कोणीच नको होतं.

शेवटचा आलास तो रविवार होता. आत शिरतानाच माझ्या हॉलमधली डिग्रीची फ्रेम तिरकी केलीस. दर वेळी करायचास. तू गेल्यावर मी सरळ करायचो. पुढच्या वेळी पुन्हा बोट लावून जायचास, आणि वर म्हणायचास, "ग्रॅज्युएटच्या घरात भिंत वाकडी आहे बे, सर्वे करून घे."

चहाबरोबर सुरू झालं. तू म्हणालास, "ज्याला तीन वर्षांत येते ते शिकायला गुरुजीला पाच काऊन लागले?"

मी म्हणालो, "पूर्ण करण्याला काही किंमत असते का नाही? अर्धवट सोडून आलेल्याच्या हातात मी टीम देणार नाही."

तू चमचा ढवळत राहिलास. साखर घेत नाहीस तरी. मग म्हणालास, "बंड्याबद्दल बोलून राहिला ना?"

"मग कुणाबद्दल?"

"बरं."

आणि बस आहे म्हणून उठलास. फ्रेमकडे बघितलंस, हसलास, गेलास.

आता शिक्षणाचा रकाना. तू नॉटिंगहॅमचं मास्टर्स एका टर्ममध्ये सोडलंस. का सोडलंस ते कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचास, कंटाळा आला. पश्या, कंटाळा आलेला माणूस परीक्षेच्या आदल्या दिवशी मला माझंच स्टॅटिस्टिक्स समजावून देत नाही. तू माझ्यापेक्षा हुशार होतास आणि तू सोडलंस, आणि ते मला तेव्हा पटलं नव्हतं, आज पटत नाही. लोक सांगतात, माणूस गेला की वाद मिटवून टाकावा. मी का मिटवू? तू तुझं काही मागं घेतलंस? तू पूर्ण करायला हवं होतंस. तुझ्या घरीही एक फ्रेम असती. मी येऊन तिरकी केली असती.

माझी फ्रेम त्या रविवारपासून तशीच आहे. जाता-येता हात उचलतो आणि खाली घेतो.

परवा वहिनींचा फोन आला. टीव्हीचं कनेक्शन तुझ्या नावावर होतं. ते बंद करायला त्यांनी कळवलं तर कंपनीनं बॉक्स परत पाठवायला रिकामं खोकं धाडलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सोमवारी न्यायला येणार आहेत. तुमचं ते रेकॉर्डिंग त्यातच आहे. त्यानं आधीच लावून ठेवलं होतं. डिलीट करू, का येताय?"

मी म्हणालो, बघतो.

"बघतो म्हणजे काय? हो का नाही?"

वर्गातल्या पोराला विचारतात तसं विचारलं. मी हो म्हणालो.

इथपर्यंत मंगळवारी लिहिलं होतं. आज रविवार आहे. काल गेलो होतो.

दार उघडल्या उघडल्या वहिनींनी हात पुढे केला. मला कळेना. "फोन," त्या म्हणाल्या. ओट्यावर कुकर उघडा होता, आत त्यांचा फोन आधीच ठेवलेला. माझा ठेवला, झाकण लावलं, शिट्टी बसवली. पोह्यांची तयारी झालेली होती. तर्रीचा वास होता, पण तुझ्याइतका ठसका नव्हता. त्याच म्हणाल्या, "तिखट कमी आहे. माहितीये मला."

मी सोफ्यावर माझ्या बाजूला बसलो. तुझी बाजू खोलगट झालीय रे. तिथे कोणी बसलं नाही.

मी रिमोटला हात घातला तर त्यांनी आधीच घेतला होता. "आधी वकिली."

"वहिनी, आता कसली वकिली?"

"नियम तुम्हा दोघांसाठी केला होता. एक जण आलाय ना? मांडा त्याची बाजू. चेष्टा चालेल, खोटं नाही."

मी उभा राहिलो. त्यांच्या हातात झारा होता, तो घेतला. सुरुवातीला तुझी नक्कल करायला गेलो, 'माझा अशील जरा जाड आहे' वगैरे, ती पुढे जाईना, म्हणून सरळ बोललो. म्हणालो, पश्याचं म्हणणं असं की पुढचा नंबर सगळ्यांना दिसतो म्हणून सगळ्यांना हवा असतो. तो सोडला की लोकांना वाटतं हा हरला, घाबरला. पण सोडणाऱ्याला माहीत असतं की त्याला काय हवंय. मागं सरकण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. त्याला स्टेजवर जायचंच नसतं. पुढं उभं राहून दुसऱ्याला आडवं पडू द्यायचं नाही, एवढ्यातच त्याला मजा येते, आणि हे काम कुणाला दिसत नाही याचीही त्याला मजाच येते. अशा माणसाला, का सोडलंस, का सोडलंस, असं सारखं विचारू नये. तो सांगणार नाही. सांगण्यासारखं काही असेलच असंही नाही.

वहिनी कढईकडे बघत होत्या. गॅस केव्हाच बंद केला होता.

"हे ड्राफ्टबद्दल होतं?" त्यांनी विचारलं.

"ड्राफ्टबद्दलच."

"बरं."

अगदी तुझ्यासारखं म्हणाल्या, बरं.

पश्या, एक लक्षात ठेव. हे मी तुझ्या बाजूनं बोललो. माझ्या नाही. नियम होता म्हणून बोललो.

मग त्या म्हणाल्या, "आता तुमची बाजू मी मांडते. इतकी वर्षं आतून ऐकतेय." आणि पदर नसताना पदर खोचल्यासारखा हात केला आणि सुरू झाल्या. गुरुजींनी पूर्ण केलं. एखाद्या घरात पहिल्यांदा कुणी काही पूर्ण केलं की पुढच्या सगळ्यांना ते शक्य वाटायला लागतं. असा माणूस टीमला मिळाला तर टीमलासुद्धा वाटेल, आपणही एखादा हंगाम पूर्ण करू, मध्येच मोडून न पडता. शेवटी म्हणाल्या, "आणि अशा माणसाला थोडा गर्व असतो. तो असू द्यावा. भिंतीवर लावतो, डोक्यावर तर बसवत नाही."

"हे त्याचं वाक्य?" मी विचारलं.

"शेवटचं माझं. तो म्हणायचा डोक्यावरच बसवतो."

आम्ही हसलो. खाली आजींनी झाडू ठोकला नाही. आवाज तेवढा नव्हताच.

टीव्ही लावला. पहिले काही नंबर गेले, बंड्याही गेला. त्याच्या आईनं चकचकीत जांभळा पोशाख घातला होता. वहिनी म्हणाल्या, सासू कडक दिसतेय. मग आपल्या टीमचा नंबर आला. गुरुजी शिल्लक होता. मी सोफ्याच्या कडेला आलो. कॅमेरा त्याच्यावर गेला, त्याच्या आईवर गेला, ती रडायच्या बेतात होती, मीही. आणि खाली पट्टी फिरली.

आपल्या टीमनं नंबर देऊन टाकला.

ज्यांना दिला त्यांनी तिथल्या तिथे गुरुजीला उचलला. आपण खूप मागे सरकलो. बदल्यात पुढच्या वर्षीचा एक नंबर मिळाला. आणि बराच वेळ गेल्यावर, स्टेजवरची गर्दी ओसरल्यावर, आपल्या टीमनं लाइनचा एक पोरगा घेतला. दाराएवढा. टोपी त्याच्या डोक्यात बसेना. घरचे सगळे हसत होते आणि तो हाताचं काय करावं हे न कळून उभा होता.

मी ओरडलो. तुझ्या खोलगट जागेकडे वळून, बोट दाखवून ओरडलो, "अरे गाढवांनो! गुरुजी समोर बसला होता! समोर!" आणि थांबलो. एवढे दिवस मी निकाल टाळला तो भांडण संपू नये म्हणून. आता भांडायला असा मुद्दा मिळाला होता की वर्षभर पुरला असता, आणि समोर उशी होती.

वहिनींनी विचारलं, "म्हणजे जिंकलं कोण?"

"तो."

"मग कढई?"

"घासतो."

तर्री खाली लागली होती. गरम पाणी सोडलं, घासणीनं घासत बसलो. वहिनी तिकडे हॉलमध्ये बॉक्सची वायर काढून गुंडाळत होत्या, खोक्याच्या चिकटपट्टीचा आवाज येत होता. मला वाटत होतं की मागून येऊन तू खांद्यावर हनुवटी टेकवशील आणि म्हणशील. मी हळूहळू घासली. स्वच्छ झाली तरी घासली.

कढई पालथी घातली, हात पुसले. कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते म्हटल्याशिवाय निघता येईना. शेवटी मीच म्हणालो, कढईकडे बघत, मोठ्यानं, "सांगितलं होतं ना बे."

नाही जमलं, पश्या. ते नागपुरातूनच यावं लागतं.